पिशवी कोणती, ते आधी विचारा

(वाशिम येथे महिला मंडळाच्या सभेत एका निवृत्त परिचारिका भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘उतारवयातील स्त्रियांचे आरोग्य’. तो फार मोठा आहे. त्यातला एकच आजार मी आज घेते. त्याचे नाव काढले की बायका तोंडाला पदर लावतात आणि पुरुष घड्याळाकडे पाहतात. पाळी गेल्यानंतर लघवी न धरवणे, हा तो आजार. पुरुषमंडळींनी थांबावे की बाहेर जावे, असे मघाशी कोणी तरी विचारले. थांबावे. घरात दिवा कुठे लावायचा, संडासात काय भरायचे आणि आईला डॉक्टरकडे कधी न्यायचे, हे बहुतेक घरांत तुम्हीच ठरवता.

आपल्या मालेगाव आणि मानोरा तालुक्यांतल्या आंध वस्त्यांवर आणि पारधी बेड्यांवर मी बरीच वर्षे फिरले. लघवीची तक्रार घेऊन शिबिरात आलेली बाई मला क्वचितच भेटली. ती म्हणते, कंबर दुखते. म्हणते, अशक्तपणा आहे, सुई द्या. गोळ्या घेऊन उठते, दारापर्यंत जाते, इकडेतिकडे पाहते आणि परत येऊन कानाशी बोलते, “सिस्टर, लघवी आली का दम निंघत नाही व. न्हाणीपर्यंत जाऊ देत नाही. लुगडं वलं होते.” किती दिवसांपासून? “पाळी गेली तवापासून.” म्हणजे कधी चार वर्षे, कधी दहा. कोणाला सांगितले? कोणालाच नाही. सुनेला तर नाहीच.

एवढ्या वर्षांत तिने स्वतःपुरता बंदोबस्त केलेला असतो. एस.टी.ने जाणे सोडलेले असते, लग्नाला जाणे सोडलेले असते. उपासनेला आलीच तर शेवटी, दाराजवळ बसते आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जाते. आपण म्हणतो, आजीची भक्ती कमी झाली. आणि सगळ्यांत घातक म्हणजे तिने पाणी पिणे कमी केलेले असते. आपल्याकडच्या वैशाखात, सोयाबीनच्या रिकाम्या रानात काट्या वेचताना, दिवसभरात दोन तांबे पाणीसुद्धा पोटात जात नाही. त्याचा परिणाम उलटा होतो, त्यावर पुढे येते.

बायकांचे आजार असे दडून राहतात, हे मी माझ्या अनुभवावरून म्हणते असे कोणी समजू नये. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत बायकांची तपासणी केली. १९८९ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि जगभर तिची चर्चा झाली. ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार निघाला, आणि सरासरीने पाहिले तर प्रत्येकीला तीनहून जास्त. त्याआधी अशी तपासणी किती जणींची झाली होती? फक्त ८ टक्के बायकांची. ती पाहणी लघवीच्या आजाराची नव्हती आणि जिल्हाही आपला नाही. पण विदर्भातल्या खेड्यातली बाई विचारल्याशिवाय सांगत नाही, आणि तिला कोणी विचारत नाही, हे त्या आकड्यांतून कळते.

वाशिमला मिशनचे वैद्यकीय काम नवे नाही. डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली भारतात आल्या आणि त्यांच्या हातून इथले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे राहिले. त्या काळी प्रश्न होता तो बाळंतीण वाचेल का, मूल वाचेल का. आज देवाच्या कृपेने बाई वाचते, साठी-सत्तरी पाहते. पंचेचाळिशी-पन्नाशीत पाळी जाते, म्हणजे पुढे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य उरते. त्या वर्षांसाठी आपल्या शिबिरांत काय आहे? रक्तदाब पाहतो, साखर पाहतो, चष्मे देतो. चांगलेच आहे ते. या आजाराचा मात्र एक प्रश्नही आपल्या कागदावर नाही.

आता आजार काय आहे ते सांगते.

लघवीची पिशवी म्हणजे स्नायूंची थैली. मूत्रपिंडातून थेंब थेंब लघवी तिच्यात उतरते. साधारण १५० ते २०० मिलिलिटर साठली की पहिली जाणीव होते, म्हणजे एक पेला भरला असे समजा. तेव्हा मेंदू पिशवीला सांगतो, थांब अजून. निरोगी पिशवी थांबते आणि ४०० मिलिलिटरपर्यंत आरामात धरते. या आजारात पिशवी थांबत नाही. ती अर्धीमुर्धी भरली तरी तिचा स्नायू एकदम आवळतो. म्हणून घाई होते, आणि ती घाई साधी नसते. हातातले पीठ तसेच टाकून पळावे लागते. दिवसातून आठापेक्षा जास्त वेळा जावे लागते, रात्री दोनतीनदा उठावे लागते, आणि काहींचे कपडे ओले होतात.

पाळी गेल्यावरच का? बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. योनी, लघवीची नळी आणि पिशवीचे तोंड यांचे अस्तर जाड, ओलसर ठेवण्याचे काम ते करते. पाळी जाते तसे ते कमी होते, अस्तर पातळ आणि कोरडे पडते, जळजळ होते, जंतू लवकर धरतात, पिशवी चिडचिडी होते. हे एकच कारण आहे असे नाही. वय वाढते तसा पिशवीचा स्नायूही बदलतो. बाळंतपणांत ओटीपोटाखालची जागा सैल झालेली असते. जुनाट बद्धकोष्ठ, डोक्यावरचे हंडे, चुलीच्या धुराने लागलेला कायमचा खोकला, या सगळ्यांची भर पडते. पण यात पाप नाही, करणी नाही, आणि ‘आता वय झालं’ एवढ्यावर सोडून देण्यासारखेही काही नाही.

इथे मला आपल्या भाषेतल्या एका शब्दाविषयी बोलायचे आहे. खेड्यात ‘पिशवी’ म्हटले की ती गर्भपिशवी. ‘पिशवी काढली’ म्हणजे काय काढले, हे कोणी विचारत नाही. आता बाई दवाखान्यात जाते आणि सांगते, “डॉक्टर, पिशवीचा त्रास हाय.” तिला म्हणायचे असते लघवीच्या पिशवीविषयी. समोरचा माणूस घाईत असेल, किंवा त्याला तसेच ऐकायचे असेल, तर तो म्हणतो, पिशवी खराब झाली, काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल. मग बैल विकला जातो, सावकाराकडे जावे लागते. असे घर मी पाहिले आहे. बाई पन्नाशीची होती. एका खासगी दवाखान्यात गर्भपिशवी काढली. टाके सुकले, कर्ज राहिले आणि लघवीची घाई जशीच्या तशी राहिली. राहणारच. पुढे लघवीची पिशवी असते, मागे मलाशय, मध्ये गर्भपिशवी. मधली काढल्याने पुढचीचा स्नायू कसा शांत होईल?

गर्भपिशवीचे ऑपरेशन कधीच करू नये, असे मी म्हणत नाही. गाठी, न थांबणारा रक्तस्राव, कर्करोग, पूर्ण बाहेर आलेले अंग, यांत ते करावे लागते. पण ते किती सहज होते हे आपल्या राज्याने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या २०१९ साली आल्या, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांचे गर्भाशय काढलेले होते. आपल्या जिल्ह्यातूनही जोडपी कोयता घेऊन जातात. म्हणून मी हे सांगते आहे. आणि अजून एक. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले तर इस्ट्रोजेन त्याच दिवशी संपते. पस्तिशीतल्या बाईला पन्नाशीचे त्रास सुरू होतात, आणि लघवीचा हा त्रास त्यांत असू शकतो.

मार्काच्या शुभवर्तमानातली रक्तस्रावी बाई सर्वांना ठाऊक आहे. बारा वर्षांचा आजार. आपण तिच्या विश्वासावर उपदेश ऐकतो आणि ऐकावेतच. पण मार्काने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे, तिच्यावरून आपण भरभर पुढे जातो. तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे सगळे खर्च केले आणि गुण न येता आजार वाढला. मानोऱ्याकडच्या कोणत्याही वस्तीवर हा भाग वाचून दाखवा, बायका माना डोलावतात. नियमशास्त्राप्रमाणे अशुद्ध ठरलेली ती बाई गर्दीत लपून मागून आली. तिला कोणी विचारले नव्हते. प्रभूने थांबून विचारले. सगळे घाईत होते, याइराची मुलगी तिकडे मरणाला टेकली होती, तरी तो थांबला.

तर आपण काय विचारायचे? पहिला प्रश्न असा. लघवी जाते ती खोकल्यावर, शिंकल्यावर, हंडा उचलताना, की घाई झाल्यावर वाटेत? खोकल्यावर थोडी उडत असेल तर तो ओटीपोटाखालच्या सैलपणाचा भाग आहे. घाईने वाटेतच होत असेल तर पिशवीची अतिक्रिया. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. दुसरा प्रश्न, जळजळ आहे का, ताप आहे का? आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात आणि धने-जिऱ्याचे पाणी देतात. द्या, त्याने अपाय नाही. पण दोन दिवसांत उतरले नाही किंवा थंडी वाजून ताप आला, तर लघवी तपासायलाच हवी, तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिसरे म्हणजे साखर तपासा. मधुमेहात लघवी वाढते, आणि कितीतरी बायकांचा मधुमेह याच तक्रारीतून सापडतो. चौथे, खाली गोळा लागतो का, अंग बाहेर येते का?

काही गोष्टींत मात्र एक दिवसही थांबू नये. लघवीत रक्त दिसणे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर लाल जाणे, एकदाच गेले तरी, डागापुरते गेले तरी. लघवी पूर्ण तुंबणे. पाय अचानक लुळे पडून लघवीवरचा ताबा जाणे. अशा बाईला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता उपाय. यातले पहिले तीन फुकट आहेत. म्हणून त्यांवर कोणाचा विश्वास बसत नाही. सुई नाही, सलाईन नाही, मग गुण कसा येईल?

आधी तीन दिवसांची नोंद. लिहिता येत नसेल तर दोन वाट्या घ्या. लघवीला गेले की एका वाटीत चिंचोका टाकायचा. कपडे ओले झाले तर दुसऱ्या वाटीत खडा. झोपायच्या वेळी घरातल्या शाळकरी नातीने मोजून लिहावे. हे मी करून पाहिले आहे. बायकांना गंमत वाटते, आणि डॉक्टरांना हाती काही तरी नक्की मिळते.

मग पिशवीला शिकवणे. घाई आली की पळायचे नाही. पळाल्याने पिशवी आणखी आवळते, आणि अंधारात पळणारी बाई पडते. पाळी गेल्यावर हाडेही ठिसूळ झालेली असतात. मांडीचे हाड मोडले तर ती खाटेवरून उठेलच असे सांगता येत नाही. तेव्हा घाई आली की जिथे असू तिथे थांबायचे, जमले तर ओट्याच्या कडेवर बसायचे, खालची जागा पाच-सहा वेळा पटपट आवळायची आणि मनात एखाद्या गीताचे एक कडवे म्हणायचे. कडवे संपेपर्यंत लाट बहुधा ओसरते. मग चालत जायचे. पहिल्या आठवड्यात एवढेच. पुढच्या आठवड्यात दोन खेपांमधले अंतर पंधरा मिनिटांनी वाढवायचे. घड्याळ नसेल तर दोन भाकरी थापून होईपर्यंत. असे करत दोन-तीन तासांवर आणायचे. याला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन दिवसांत सोडून देऊन ‘काही फरक नाही’ म्हणू नये.

तिसरा, खालच्या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली तो मांडला, म्हणून केगल व्यायाम म्हणतात. चारचौघांत वारा सरू नये म्हणून आपण जसे आवळतो ना, तसेच. हसा, पण लक्षात ठेवा. पाच आकडे मोजेपर्यंत आत-वर ओढून धरायचे, पाच आकडे सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. लघवी करताकरता अडवून व्यायाम करायचा नाही, ती सवय वाईट. निंदताना, दूध काढताना, या सभेत बसल्याबसल्यासुद्धा करता येतो, कोणाला कळत नाही. तीन महिने रोज केला तर खोकल्यावर उडणारी लघवीही कमी होते.

पाण्याचे सांगायचे राहिले. पाणी कमी प्याले की लघवी घट्ट, पिवळी होते. ती पिशवीला टोचते, घाई वाढते, जंतू वाढतात, मुतखडा होतो, शौच घट्ट होऊन पिशवीवर दाब येतो. म्हणून दिवसा सहा ते आठ पेले पाणी प्यायचे, उन्हाळ्यात रानात असताना त्याहून जास्त. कमी करायचे ते दिवस मावळल्यानंतर. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच. चहा मात्र कमी करा. आपल्या बायका पाणी सोडतात, चहा सोडत नाहीत. चहाने पिशवी चेवते. तंबाखू-मिश्रीही सोडावी. दिवसभर पाय सुजत असतील तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडावे, म्हणजे ते पाणी रात्री लघवीवाटे उठवत नाही. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल आणि ती संध्याकाळी घेतली जात असेल, तर सकाळी घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारावे.

एवढे करूनही भागले नाही तर औषधे आहेत. योनीत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम असते. ते थोडे, त्याच जागी लावायचे असते. कोरडेपणा, जळजळ, घाई कमी होते आणि पुन्हापुन्हा होणारा संसर्गही कमी होतो. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईने मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पिशवी शांत करणाऱ्या गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडीन, सोलिफेनासिन ही नावे चिठ्ठीवर दिसतील. त्यांनी तोंड कोरडे पडते, शौचाला घट्ट होते आणि फार वयस्कर माणसाला भ्रम होऊ शकतो. काचबिंदू असेल तर आधी सांगायला हवे. मिराबेग्रॉन ही वेगळी गोळी, तिच्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. या गोळ्या शेजारणीच्या डब्यातून घ्यायच्या नाहीत. त्यापुढचे उपचारही आहेत, पिशवीत सुई देण्याचे वगैरे. ते मोठ्या शहरांत होतात आणि आपल्या बहुतेक बायकांना तिथपर्यंत जावेच लागत नाही.

आता या कामाला हातभार लावणाऱ्यांसाठी. तुम्ही विचारता, वस्तूंत काय द्यावे? ब्लँकेटे येतात, साड्या येतात. त्यांच्यासोबत बॅटऱ्या द्या. झाकणाच्या बादल्या द्या. म्हातारीच्या खाटेशेजारी रात्री झाकणाची बादली आणि उशाला बॅटरी असली, तर पावसाळ्यात तिला विंचू-सापाच्या वाटेने परसात जावे लागत नाही. जुन्या सुती धोतरांच्या धुतलेल्या घड्या द्या, त्या सिंथेटिक साड्यांपेक्षा फार उपयोगाच्या. कपडा ओला झाला की लगेच बदलावा, उन्हात वाळवावा, नाही तर जांघेत चट्टे पडतात. वस्तीवर संडास बांधलेले आहेत. काहींत कुटार भरलेले असते, काहींत सरपण. ते रिकामे करायला पैसे लागत नाहीत. आपल्या तरुण संघाने एक शनिवार दिला तर होते. आत धरायला भिंतीला एक दांडा ठोकून द्यावा. गुडघे गेलेल्या बाईला बसून उठायला वेळ लागतो, आणि या आजारात वेळच नसतो.

आणि उपासनेत त्या दाराजवळच्या जागा म्हाताऱ्या बायकांना सोडा. तरुण पोरे तिथे टेकून उभी असतात. मध्येच उठून जाणाऱ्या बाईकडे वळून पाहू नका.

पुढच्या शिबिरासाठी मी दोन गोष्टी मागते. एक पडदा, म्हणजे तपासणीच्या टेबलाभोवतीच नव्हे, तर जिथे नाव-गाव लिहून घेतात तिथेही. सून मागे उभी असताना सासू हे बोलणार नाही. आणि नोंदीच्या कागदावर एक ओळ वाढवा, चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला विचारण्यासाठी, साध्या भाषेत: ‘लघवी धरवते का? कपडे ओले होतात का?’ तिने ‘पिशवी’ म्हटले तर कोणती, ते पोटावर हात ठेवून दाखवायला सांगा. कागद छापायला गेलेला नाही अजून. आज सांगितले तर ओळ बसेल.